‘आजार पसरला का?’ विचारण्याआधी गोळीची वेळ पाहा
(आमच्या घरपोच फिजिओथेरपी सेवेतल्या पार्किन्सन्सच्या रुग्णांच्या घरच्यांसाठी)

“काल बाबा चालत होते, आज पाऊल उचलत नाही. मेंदूत आजार पसरला का?” हा फोन आम्हाला सतत येतो.

पार्किन्सन्स मेंदूत पसरतो, पण वर्षानुवर्षं, हळूहळू. एका रात्रीत नाही. एकाचा दुसऱ्याला तर तो लागतच नाही. पेशींमधलं अल्फा-सिन्युक्लिन हे प्रथिन बिघडून त्याच्या गुठळ्या होतात आणि तो बिघाड शेजारच्या पेशींकडे सरकतो, असं मानलं जातं. जर्मनीतले मेंदूचे अभ्यासक हाइको ब्राक यांनी २००३ मध्ये या प्रवासाचे सहा टप्पे मांडले. सुरुवात वास ओळखणाऱ्या भागात आणि मेंदूच्या देठाच्या तळाशी, जिथून पोटाकडे व्हेगस नस जाते. हालचालींसाठी लागणारं डोपामिन हे रसायन बनवणाऱ्या पेशी तिसऱ्या टप्प्यात या बिघाडाच्या तावडीत येतात. सगळ्यांचा आजार याच वाटेने जातो असं नाही. तरी वास न येणं आणि बद्धकोष्ठता कंपाच्या कितीतरी वर्षं आधी का असते, ते यावरून कळतं. पहिल्या भेटीत आम्ही पोट साफ होतं का विचारतो ते म्हणूनच. संकोच करू नका.

आता मुख्य गोष्ट. लेव्होडोपाची गोळी हा प्रवास थांबवत नाही, काही तास डोपामिनची उणीव भरते. ती ग्लासभर दुधाबरोबर किंवा भरपेट वरण-भातावर दिली, तर प्रथिनांच्या गर्दीत ती नीट शोषली जात नाही. पोट साफ नसेल तरी तिचा परिणाम उशिरा सुरू होतो. मग थेरपिस्ट येते तेव्हा आजोबा ताठरलेले असतात आणि पाऊण तास त्यांना खुर्चीतून उठवण्यातच जातो. गोळी साधारणपणे जेवणाआधी अर्धा तास, पाण्याबरोबर द्यावी. नेमकी वेळ तुमच्या डॉक्टरांना विचारा. आमच्या भेटीची वेळ गोळीचा परिणाम सुरू झाल्यानंतरचीच ठरवा.

अशा वाया गेलेल्या भेटीचेही पैसे आम्ही घेतो, कारण ती वेळ दुसऱ्या रुग्णाला देता आली असती. आदल्या दिवशी कळवलंत तर वेळ विनाशुल्क बदलून देतो.

अचानक बिघडलं तर आधी हे पाहा: गोळी चुकली का, ताप आहे का, लघवीला जळजळ होते का, उलटीसाठी मेटोक्लोप्रमाइड दिलं का? यातलं काही आढळलं तर लगेच डॉक्टरांना फोन करा. गोळी मनाने बंद करू नका.

नव्या रुग्णांना गोळ्या, जेवण आणि व्यायामाच्या वेळांचा तक्ता आम्ही पहिल्याच भेटीत मोफत बनवून देतो. तो फ्रिजवर लावा.