चिकित्सालयीन बालमानसशास्त्राचे पदव्युत्तर अध्ययन

अर्भकावस्थेपासून पौगंडावस्थेपर्यंतच्या मुलांच्या भावनिक, वर्तनविषयक व विकासात्मक अडचणींचे मूल्यमापन, निदान आणि उपचार यांसाठी मानसशास्त्रातील पदवीनंतर घेतले जाणारे प्रशिक्षण. व्यवसायाच्या परवान्यासाठी काही देशांत पदव्युत्तर पदवी पुरते, तर काहींत डॉक्टरेट लागते.

या प्रशिक्षणाचा आरंभ कोठे मानावा, याविषयी मतभेद आहेत. बहुतेक अभ्यासक तो अमेरिकी मानसशास्त्रज्ञ लाइटनर विटमर यांच्याकडे नेतात. त्यांनी १८९६ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात मानसशास्त्रीय चिकित्सालय सुरू केले. त्यांच्याकडे आलेला पहिला रुग्ण म्हणजे शुद्धलेखनात सतत चुकणारा चौदा वर्षांचा मुलगा. त्याला शिक्षिकेने आणले होते. तपासणीत दृष्टिदोष आढळला आणि चष्मा देण्यात आला, तरी वाचनातली अडचण पुरती गेली नाही. विटमर यांचा भर शालेय अडचणींवर राहिल्याने त्यांचा वारसा शालेय मानसशास्त्राकडे जातो, असा आक्षेप घेतला जातो. असे मानणारे अभ्यासक विल्यम हीली यांनी १९०९ मध्ये शिकागोत बालगुन्हेगारांसाठी काढलेल्या संस्थेला अग्रक्रम देतात. मुलाचे वर्तन कुटुंब व परिस्थिती यांसह समजून घेण्याची रीत हीलींकडून रुजली, हे खरे. तथापि प्रत्यक्ष रुग्ण समोर ठेवून विद्यार्थ्यांना शिकवण्याची विद्यापीठीय पद्धत विटमर यांचीच. त्यामुळे प्रशिक्षणापुरता तरी त्यांचा दावा अधिक ग्राह्य वाटतो.

अमेरिकेत बोल्डर येथे १९४९ मध्ये प्रशिक्षणाविषयी भरलेल्या परिषदेने मानसशास्त्रज्ञ संशोधक व उपचारक असा दोन्ही असावा, हा आदर्श मांडला. तेथीलच व्हेल या गावी १९७३ मध्ये भरलेल्या परिषदेने व्यवसायप्रधान शिक्षणालाही मान्यता दिली. बालशाखेचे विशेष शिक्षण आरंभापासून द्यावे की सर्व वयोगटांच्या सामान्य पायावर, हा वाद मात्र चालूच आहे. ब्रिटनमधील तीन वर्षांचा डॉक्टरेट अभ्यासक्रम दुसऱ्या पद्धतीचा आहे.

विकासात्मक मनोविकृतिशास्त्र (वाढीच्या ओघात मानसिक विकार कसे उद्भवतात याचा अभ्यास), बुद्धिमापन, संशोधनपद्धती, वर्तनोपचार व कुटुंबोपचार हे नेहमीचे विषय होत. विद्यार्थ्याला खरी अडचण येते ती माहितीच्या मेळाची. मूल बहुधा स्वतःहून उपचाराला येत नाही. त्याला आणले जाते, आणि आणणाऱ्यांची वर्णने जुळतीलच असे नाही. मानसशास्त्रज्ञ आखेनबाख व सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये ११९ अभ्यासांची एकत्रित छाननी केली. तीत आई व वडील यांच्या मूल्यांकनांमधील सरासरी सहसंबंध (१ म्हणजे पूर्ण मेळ, ० म्हणजे मेळ नाही) सुमारे ०·६०, पालक-शिक्षक अशा भिन्न भूमिकांतील व्यक्तींमध्ये ०·२८, तर मुलाचे स्वतःविषयीचे व इतरांचे मूल्यांकन यांत ०·२२ आढळला. वर्गात मुकाट बसणारे मूल घरी आदळआपट करते, तेव्हा दोन्ही निरीक्षणे खरी असू शकतात. म्हणून कोणा एकाची प्रश्नावली निर्णायक न मानता मुलाखत, निरीक्षण व चाचण्या एकत्र वाचणे शिकवले जाते.

पर्यवेक्षणाखालील प्रत्यक्ष काम सर्वत्र अनिवार्य असते. कायदेशीर संमती सामान्यतः पालक देतात. मुलाची स्वतंत्र अनुमती घेणे आणि त्याने सांगितलेल्यापैकी पालकांना काय कळवले जाईल हे त्याला आधीच समजावणे, हा या कामाचाच भाग समजला जातो.