बारापासॉरस

सॉरोपॉड गटातील, लांब मानेचा आणि चार पायांवर चालणारा शाकाहारी डायनासोर. शास्त्रीय नाव बारापासॉरस टॅगोराय. त्याचे जीवाश्म गोदावरी-प्राणहिता खोऱ्यातील कोटा शैलसमूहात, गडचिरोली जिल्ह्यातल्या सिरोंचा गावाच्या दक्षिणेस पोचमपल्लीच्या परिसरात सापडले. हे खडक बहुतेक अभ्यासक ज्युरासिक काळाच्या सुरुवातीच्या टप्प्यातले मानतात. त्या काळातल्या सॉरोपॉडचे इतके अवशेष जगात फार थोड्या ठिकाणी मिळाले आहेत.

नावातला ‘बारा’ मराठी वाचकाला हमखास चकवतो. तो आकडा नव्हे. बंगालीत ‘बडो’ म्हणजे मोठा आणि ‘पा’ म्हणजे पाय. मांडीचे हाड तब्बल १.७ मीटर लांब भरले, म्हणून हे नाव. ‘टॅगोराय’ हे रवींद्रनाथ टागोरांच्या स्मरणार्थ. मुख्य उत्खनन १९६० आणि १९६१ मध्ये झाले आणि १९६१ हे त्यांचे जन्मशताब्दी वर्ष होते. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेतील सोहनलाल जैन, टी. एस. कुट्टी, तपन रॉयचौधुरी आणि शंकर चॅटर्जी यांनी १९७५ मध्ये जातीचे वर्णन प्रसिद्ध केले.

सुमारे ३०० हाडे एकाच ठिकाणी, बहुतांशी विस्कळीत आणि मोठ्या अश्मीभूत ओंडक्यांसोबत मिळाली. पुरात कळप मेला आणि कलेवरे ओंडक्यांबरोबर वाहत आली, असा अर्थ त्यावरून लावला जातो. अशा मिसळलेल्या साठ्यात प्राणी मोजताना एकाच बाजूचे एकच हाड किती वेळा आले ते पाहतात. येथे किमान सहा प्राणी निघाले.

संस्थेच्या संग्रहालयात उभा असलेला सांगाडा त्यामुळे एका प्राण्याचा नाही. वेगवेगळ्या प्राण्यांची हाडे जुळवून तो उभारला आहे. कवटी आणि मानेचे पुढचे मणके सापडलेलेच नाहीत. सॉरोपॉडच्या कवटीची हाडे पातळ आणि तिचा मानेशी सांधा कच्चा असल्याने मृत्यूनंतर डोके लवकर गळून पडते. म्हणून सांगाड्याची कवटी ही कल्पनेने केलेली घडण आहे. मानेची नेमकी लांबीही अंदाजाचीच, आणि १४ मीटर लांबी व ७ टन वजन हे नेहमीचे आकडे त्याच मर्यादेत वाचावेत.

डोक्याचा पुरावा म्हणजे काही सुटे दात. ते चमच्यासारखे असून कडांना जाड दंतुरता आहे. पाला ओरबाडायला ते योग्य. चर्वण करायला नव्हेत. कमरेचे चार मणके एकमेकांत जुळलेले आहेत. मणक्यांच्या बाजूंवर फक्त उथळ खळगे दिसतात. नंतरच्या सॉरोपॉडमध्ये तेच खोल पोकळ्या होतात आणि प्रचंड मान हलकी राहते. पाय मात्र त्या मानाने सडपातळ आहेत.

याच शैलसमूहातील कोटासॉरसशी त्याची गल्लत होते. तो तेलंगणातील यामनपल्लीचा, सुमारे ९ मीटर लांब आणि अधिक आदिम ठेवणीचा; त्याचा सांगाडा हैदराबादच्या बिर्ला विज्ञान केंद्रात आहे.