ग्राफिकल पॅकेज मॅनेजर : निवड आणि खान्देशातील वापर

लिनक्स या मोफत मिळणाऱ्या, विंडोजसारख्याच संगणक प्रणालीवर सॉफ्टवेअर शोधणे, बसवणे, अद्ययावत करणे आणि काढून टाकणे ही कामे टर्मिनलमध्ये आज्ञा न लिहिता माउसने करू देणारा प्रोग्राम. सिनॅप्टिक, ग्नोम सॉफ्टवेअर, डिस्कव्हर, मिंटचा सॉफ्टवेअर मॅनेजर आणि मांजारोचा पामॅक ही त्यांतली परिचित नावे. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या जिल्ह्यांत घरोघरी, दुकानांत असलेल्या जुन्या पण धडधाकट संगणकांसाठी लिनक्स हा चालता पर्याय आहे आणि नव्याने तिकडे वळणाऱ्याची पहिली गाठ बहुधा याच प्रोग्रामशी पडते.

खरे काम मात्र त्याच्या पोटात होते. लिनक्सच्या वेगवेगळ्या वाणांपैकी डेबियन, उबुंटू आणि मिंटमध्ये ते एपीटी व डीपीकेजी हे आज्ञांवर चालणारे प्रोग्राम करतात, फेडोरात डीएनएफ व आरपीएम, मांजारोत पॅकमॅन. पॅकेजेस, म्हणजे बसवण्यासाठी बांधून ठेवलेले सॉफ्टवेअरचे गठ्ठे, ज्या भांडारातून येतात त्यावर डिजिटल सही असते आणि ती तपासूनच माल उतरवून घेतला जातो. एका पॅकेजला आणखी कोणती पॅकेजेस लागतात, तीही नोंद तिथेच असते. त्यामुळे एका संगणकावर दोन ग्राफिकल मॅनेजर सुखाने नांदतात : दुकाने दोन, गोदाम एक. मात्र दोघांना एकाच वेळी माल हलवता येत नाही. एकाने कुलूप लावले की दुसऱ्याला थांबावे लागते. मागे आपोआप अपडेट चालू असले तरी हेच होते. अशा वेळी संगणक अडकला असे समजून तो बंद करू नये.

या प्रोग्रामांचे दोन वळणांत भाग पडतात. सिनॅप्टिक जुन्या वळणाचा. ब्राझीलमधल्या कोनेक्टिव्हा या कंपनीत २००१ च्या सुमारास तो घडला. त्यात प्रत्येक पॅकेज, मग तो फॉन्ट असो की लायब्ररी (इतर प्रोग्रामांना लागणारा सामायिक कोड), ओळीने दिसते. दुसरे वळण मोबाइलवरच्या अ‍ॅप स्टोअरसारखे. उबुंटूने २००९ मध्ये ९.१० या आवृत्तीत सॉफ्टवेअर सेंटर आणले आणि ११.१० पासून सिनॅप्टिक मूळ संचातून काढला. भांडारात तो आजही आहे. ग्नोम सॉफ्टवेअर आणि केडीई या डेस्कटॉपचे डिस्कव्हर हे दुसऱ्या वळणाचे. चित्रे, वर्णन, अभिप्राय हे सगळे तिथे मिळते. पण त्यांत मुख्यतः तेच दिसते ज्याच्यासोबत अ‍ॅपस्ट्रीम नावाची माहितीची फाइल जोडलेली असते.

मराठी माणसाला हा फरक लगेच जाणवतो. लिब्रेऑफिसचा मराठी चेहरामोहरा, फायरफॉक्सचा मराठी अनुवाद, देवनागरी टाइप करण्यासाठीचे आयबस-एम१७एन ही सगळी पॅकेजेस आहेत, पण अ‍ॅप नव्हेत. दुकानात शोधून ती बहुधा सापडत नाहीत. सिनॅप्टिकमध्ये ‘मराठी’ हा शब्द रोमन लिपीत टाकला की यादीच समोर येते. अहिराणी लिहिणाऱ्यालाही देवनागरीची हीच पॅकेजेस लागतात. डेबियन घराण्यातले (डेबियन, उबुंटू, मिंट) लिनक्स असेल तर सोबत आलेले दुकान राहू द्यावे आणि शेजारी सिनॅप्टिक बसवून घ्यावा, हे या नोंदीचे स्पष्ट मत आहे. फेडोरावर हीच गरज डीएनएफड्रॅगोरा भागवतो.

निवडीत डेटाचा हिशेब फार मोलाचा. फ्लॅटपॅक आणि स्नॅप या कोणत्याही लिनक्सवर चालतील अशा रूपात अ‍ॅप देणाऱ्या वेगळ्या पद्धती आहेत. फ्लॅटपॅकचे पहिलेच अ‍ॅप घेताना त्याच्यासोबत रनटाइम नावाचा सामायिक पाया उतरतो आणि त्यात काहीशे एमबी सहज जातात. तोच पाया वापरणारे पुढचे अ‍ॅप मग हलके पडते. स्नॅप तर ठरलेल्या रीतीने दिवसातून चार वेळा नवी आवृत्ती आली का ते पाहतो आणि आली असेल तर उतरवून घेतो. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काम करणाऱ्याने नेटवर्कच्या सेटिंगमध्ये ते कनेक्शन ‘मीटर्ड’ (मोजका डेटा असलेले) म्हणून नोंदवावे. ग्नोम सॉफ्टवेअर त्यानंतर आपणहून डाउनलोड करत नाही. तेच अ‍ॅप फ्लॅटपॅक आणि सिस्टम पॅकेज (भांडारातले नेहमीचे पॅकेज) अशा दोन्ही रूपांत मिळत असेल तर मिंटचा मॅनेजर निवडीची सोय देतो. तिथे डेटा कमी असणाऱ्याने सिस्टम पॅकेज घ्यावे.

सातपुड्यात, धडगाव-अक्कलकुव्याकडच्या पाड्यांवर, डोंगराआड नेटवर्क तुटक असते. तिथे सिनॅप्टिकची एक जुनी सोय खरोखर उपयोगी पडते. हवी ती पॅकेजेस खुणावायची, पण ‘अप्लाय’ दाबायचे नाही. फाइल मेनूतून ‘जनरेट पॅकेज डाउनलोड स्क्रिप्ट’ निवडायचे. एक छोटी मजकूर फाइल तयार होते. तिच्यात प्रत्येक पॅकेजचा पत्ता एकेका ओळीत असतो, आणि आपल्या संगणकावर आधीच असलेली पॅकेजेस त्यातून वगळलेली असतात. ती पेन ड्राइव्हवर घेऊन शहाद्याला, जिथे नेट धड चालते तिथल्या कुठल्याही लिनक्स संगणकावर चालवायची. डेब फाइली, म्हणजे डेबियन घराण्याची पॅकेजेस, फोल्डरमध्ये साठतात. घरी परतल्यावर ‘अ‍ॅड डाउनलोडेड पॅकेजेस’ म्हणून तो फोल्डर दाखवायचा, की काम झाले. अट एकच : निघण्यापूर्वी हॉटस्पॉट जोडून ‘रिलोड’ करून यादी ताजी करावी. यादी जुनी असेल तर तिच्यातली आवृत्ती सर्व्हरवरून काढलेली असू शकते आणि फेरा फुकट जातो.

लाइट जाणे हा दुसरा प्रश्न. डाउनलोड अर्धवट राहिले तर बिघडत नाही, एपीटी पुढून सुरू करते. पॅकेज उलगडून मांडले जात असताना वीज गेली, तर डीपीकेजी अर्ध्यात अडकते. सिनॅप्टिकच्या एडिट मेनूतले ‘फिक्स ब्रोकन पॅकेजेस’ पुष्कळदा ते सावरते, नाहीतर टर्मिनल उघडावे लागते. त्यापेक्षा ‘अप्लाय’ नंतरच्या खिडकीत तळाशी असलेल्या ‘डाउनलोड पॅकेज फाइल्स ओन्ली’ या चौकटीत खूण करावी. फाइली आधी येऊन पडतात. बसवण्याचे काम मग इन्व्हर्टर भरलेला असताना किंवा भारनियमनाची वेळ टळल्यावर, नेट नसतानाही, उरकता येते.