'अर्र्र' कुठून आलं? समुद्री चाच्यांच्या जत्रांमागची खरी-खोटी गोष्ट

दरवर्षी १९ सप्टेंबरला इंटरनेटवर बरेच लोक एकदम 'अर्र्र' करत सुटतात, डोळ्यावर काळी पट्टी, खांद्यावर प्लास्टिकचा पोपट, आणि 'चाच्यांसारखं बोला दिवस' म्हणून फोटो टाकतात. हे सुरू झालं ते कुठल्या बंदरात नाही, अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात आल्बनी नावाचं गाव आहे तिथे, आणि तेही रॅकेटबॉल खेळताना. ६ जून १९९५ ला जॉन बाऊर आणि मार्क समर्स हे दोन मित्र खेळत होते, त्यातला एक जण दुखापत होऊन जोरात 'अर्र्र' असं विव्हळला आणि मग उरलेला सगळा वेळ दोघं त्याच सुरात एकमेकांना चेव आणत खेळले. मजा आली म्हणून ठरवलं की याचा एक दिवसच करून टाकू. पण ६ जून म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या नॉर्मंडीच्या लढाईचा दिवस, त्या दिवशी असला चावटपणा बरा दिसत नाही, मग समर्सने आपल्या घटस्फोटित बायकोच्या वाढदिवसाची तारीख दिली, का तर ती तारीख त्याच्या डोक्यात पक्की होती आणि त्या दिवशी आता दुसरं काही काम नव्हतं! पुढची सात वर्षं हा दिवस जेमतेम दोघं-चौघं पाळत होते. २००२ मध्ये त्यांनी डेव्ह बॅरी या विनोदी स्तंभलेखकाला कळवलं, त्याने त्यावर लिहिलं, त्याचा कॉलम देशभरच्या पेपरांत छापला जायचा, आणि मग काय, जगभर झालं. फेसबुकवर तर चाच्यांची इंग्रजी ही चक्क एक भाषा म्हणून निवडता यायला लागली.

आता हे 'अर्र्र' तरी खऱ्या चाच्यांचं आहे का? तर नाही. ते रॉबर्ट न्यूटन नावाच्या इंग्लिश नटाचं आहे. १९५० साली डिस्नेने 'ट्रेझर आयलंड' या कादंबरीवर सिनेमा काढला, त्यात न्यूटन लाँग जॉन सिल्व्हर नावाचा चाचा झाला होता, आणि तो जन्माने इंग्लंडच्या पश्चिमेकडच्या डॉर्सेटचा असल्यामुळे त्याने आपली गावाकडची, र वर जोर देणारी बोलीच ठोकून दिली. आज जगभर लोक चाच्यांची भाषा म्हणून जे बोलतात ती म्हणजे ह्या एका माणसाची नक्कल. (इंग्लंडच्या त्या पश्चिम भागातून खलाशी मात्र भरपूर यायचे, त्यामुळे अगदीच हवेतली गोष्ट नाही.) एका पायाचा कुबडीवाला चाचा, खांद्यावरचा पोपट, खजिन्याच्या जागी फुली मारलेला नकाशा हे सगळं लोकांच्या डोक्यात बसलं ते स्टीव्हन्सनच्या मूळ कादंबरीमुळे, जी पुस्तक म्हणून १८८३ ला आली, म्हणजे खऱ्या चाच्यांचा बहराचा काळ संपून दीडशे वर्षं उलटल्यावर. खजिना पुरण्याचं म्हणाल तर कॅप्टन किड या चाच्याने १६९९ मध्ये न्यूयॉर्कजवळच्या गार्डिनर्स बेटावर थोडा माल खरंच पुरला होता, पण तो सरकारने लगेच उकरून पुरावा म्हणून जप्त केला आणि १७०१ ला किडला लंडनमध्ये फासावर चढवलं, पहिल्यांदा दोर तुटला म्हणून परत चढवलं. बाकीचे चाचे पैसे पुरून ठेवण्यापेक्षा दारूच्या गुत्त्यात उडवणारेच जास्त.

पण मला यात सगळ्यात भारी वाटतं ते वेगळंच. सोंग घेणं ही फक्त आजच्या हौशी लोकांची गोष्ट नाही, खरे चाचेही सोंगाडेच होते. १७२४ साली लंडनमध्ये कॅप्टन चार्ल्स जॉन्सन अशा नावाने चाच्यांच्या चरित्रांचं एक पुस्तक निघालं, हा जॉन्सन नक्की कोण ते आजवर ठरलेलं नाही, पण चाच्यांबद्दल आपल्याला जे माहीत आहे त्यातलं निम्मं तरी तिथूनच आलंय. त्यात ब्लॅकबिअर्ड नावाचा चाचा लढाईच्या वेळी टोपीखाली जळत्या वाती खोचून धुराच्या लोटात उभा राहायचा असं वर्णन आहे. खरं असो की मीठमसाला लावलेलं, धंद्याचं गणित त्यात बरोबर दिसतं, की समोरचं जहाज नुसतं बघूनच घाबरलं तर लढावं लागत नाही, माल आणि जहाज दोन्ही धड हातात येतं आणि आपली माणसंही मरत नाहीत. कवटीचा झेंडा त्यासाठीच. ब्लॅकबिअर्डची स्वतःची कारकीर्द मात्र जेमतेम दोन वर्षांची, २२ नोव्हेंबर १७१८ ला अमेरिकेच्या किनाऱ्यावरच्या ओक्राकोकजवळ ब्रिटिश आरमाराच्या लेफ्टनंट मेनार्डच्या माणसांनी त्याला मारलं आणि मुंडकं जहाजाच्या पुढच्या दांड्याला टांगून नेलं.

त्याच पुस्तकात अँस्टिस नावाच्या चाच्याच्या टोळीचा किस्सा आहे, तो तर वाचाच. क्युबाजवळच्या एका बेटावर लपून बसले होते, करायला काही नाही, म्हणून वेळ घालवायला ते एकमेकांवर चाचेगिरीचा खोटा खटला चालवायचे. एक जण न्यायाधीश होऊन झाडावर चढून बसला, खांद्यावर झग्याऐवजी मळकी ताडपत्री आणि नाकावर मोठा चष्मा. आरोपी बिचारा बचाव करतोय, आणि न्यायाधीश काय म्हणतो तर तुला फाशी द्यायलाच हवी, कारण मी इथे बसलोय आणि कुणालाच फाशी झाली नाही असं चालणार नाही, शिवाय जेवण तयार झालंय. हे हसणारे सगळे पकडले गेले असते तर खरोखर लटकले असते, म्हणजे विनोद कुठून येत होता बघा. चाच्यांच्या विनोदात हा प्रकार मला आजच्या सगळ्या 'अर्र्र'पेक्षा वरचा वाटतो.

जत्रांचं म्हणाल तर सगळ्यात मोठी आणि जुनी फ्लोरिडातल्या टँपा शहराची, गॅस्परिला. गोष्ट अशी सांगतात की होसे गास्पार नावाचा स्पॅनिश चाचा ह्या किनाऱ्यावर लुटालूट करायचा आणि १८२१ मध्ये अमेरिकन युद्धनौकेने घेरल्यावर कमरेला नांगराची साखळी बांधून त्याने समुद्रात उडी टाकली. एकदम फिल्मी. आणि हा माणूस कधी होऊनच गेला नाही! स्पेनच्या कागदपत्रांत नाही, अमेरिकेच्या आरमाराच्या नोंदीत नाही, ही कथा पसरली ती विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एका रेल्वे कंपनीच्या जाहिरातीच्या पुस्तिकेतून, ज्यांना तिथे टुरिस्ट आणायचे होते. जत्रा मात्र त्याच्याही आधी, १९०४ मध्ये सुरू झाली, गावातल्या प्रतिष्ठित पुरुषांनी 'क्रू' नावाचं मंडळ काढलं आणि मुखवटे घालून शहरावर स्वारी केली, तीही घोड्यांवरून, कारण जहाज नव्हतं. १९५४ मध्ये मंडळाने खास जहाज बांधून घेतलं, शिडं-डोलकाठ्या सगळं आहे फक्त इंजिन नाही, टगबोटी ओढत आणतात. मग महापौर शहराची किल्ली देतो, मिरवणूक निघते, मण्यांच्या माळा फेकतात आणि काही लाख लोक दिवसाढवळ्या पिऊन नाचतात.

आपल्याकडची मंडळं जशी वर्गणी आणि मानपानावरून फुटतात तसं तिथेही होतं, फक्त तिथे मुद्दा जास्त गंभीर होता. १९९१ ला टँपात सुपर बोलचा, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या फायनलचा सामना होता, सगळ्या देशाचं लक्ष तिकडे, आणि कुणीतरी विचारलं की ह्या मंडळात सगळे गोरेच कसे काय. मंडळाने काळ्या सभासदांना घेण्याऐवजी मिरवणूकच रद्द केली. शहराने दुसरी जत्रा भरवून वेळ मारून नेली, आणि पुढच्या वर्षी मंडळाला नमतं घ्यावं लागलं. न झालेल्या चाच्याच्या नावाने भांडण मात्र अगदी खरं झालं.

इंग्लंडात हेस्टिंग्ज आणि पेन्झन्स या किनाऱ्यावरच्या गावांची चुरस चालते, एका ठिकाणी जास्तीत जास्त चाचे कोण जमवतो त्याची. २०१२ ला हेस्टिंग्जने १४,२३१ लोक जमवून गिनेस रेकॉर्ड केलं. पेन्झन्सला राग येणारच, कारण चाच्यांशी त्यांचं नाव गिल्बर्ट-सलिव्हन जोडीच्या १८७९ च्या 'पायरेट्स ऑफ पेन्झन्स' या ऑपेरापासून जोडलेलं आहे. त्या ऑपेराचा मोठा पहिला प्रयोग मुद्दाम न्यूयॉर्कला केला होता, कारण त्यांचा आधीचा ऑपेरा अमेरिकन कंपन्यांनी फुकटात ढापला होता. चाच्यांवरचं नाटक, आणि भीती पायरसीची!

आता आपल्या बाजूने बघितलं की हे सगळं जरा टोचतं. त्या काळातली बहुधा सगळ्यात मोठी लूट कॅरिबियनमध्ये नाही तर सुरतेच्या वाटेवर झाली. सप्टेंबर १६९५ मध्ये हेन्री एव्हरी या इंग्रज चाच्याने औरंगजेबाचं 'गंज-इ-सवाई' जहाज पकडलं, मक्केहून परतणारे यात्रेकरू होते, पुढचे काही दिवस माणसांचा छळ आणि बायकांवर अत्याचार चालले. बादशहाने चिडून सुरतेच्या इंग्रजांना कैदेत टाकलं, कंपनीचा धंदा बसायची वेळ आली. एव्हरीच्या पाच माणसांना १६९६ मध्ये लंडनला फाशी झाली, तो स्वतः कधीच सापडला नाही, आणि जत्रांमध्ये त्याचं नाव आजही हिरोसारखं घेतात. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंडमध्ये मेटल डिटेक्टर घेऊन फिरणाऱ्या एका हौशी माणसाला १६९३ चं येमेनी नाणं सापडलं, ते ह्याच लुटीतलं असावं असं बरेच जण मानतात.

आणि ज्याला इंग्रज चाचा म्हणत राहिले तो कान्होजी आंग्रे तर मराठ्यांचा सरखेल म्हणजे आरमारप्रमुख, आपल्या किनाऱ्यावरून जाणाऱ्या जहाजांनी दस्तक, म्हणजे परवाना घ्यावा एवढीच मागणी, जी पोर्तुगीज त्याच्या आधी दोनशे वर्षं करतच होते. त्यांनी केली तर कायदा, आंग्र्यांनी केली तर दरोडा. १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर चालून आले आणि हात हलवत परत गेले. पुढे कान्होजीचा मुलगा तुळाजी याच्या वेळी पेशव्यांनीच इंग्रजांना साथ दिली, १७५५ ला सुवर्णदुर्ग पडला आणि १७५६ ला विजयदुर्ग, तो विषय वेगळा आणि दुखरा.

सुवर्णदुर्ग घेणाऱ्या इंग्रज कमोडोर जेम्सच्या बायकोने तो गेल्यावर १७८४ मध्ये लंडनच्या शूटर्स हिलवर त्याच्या आठवणीत एक तिकोनी मनोरा बांधला, नाव सेव्हर्नड्रूग कॅसल, म्हणजे आपला सुवर्णदुर्गच. तो अजून उभा आहे, लोक वर चढून लंडन बघतात, खाली चहा मिळतो. त्यावरच्या शिलालेखात किल्ला मलबार किनाऱ्यावरचा म्हणून लिहिलाय, सुवर्णदुर्ग जिथे आहे त्या कोकणातल्या हर्णैच्या माणसाने वाचला तर दोन शब्द ऐकवल्याशिवाय खाली उतरायचा नाही.