ठेक्याच्या आधी पोचणारा ठोसा

जोरकस गाणं लावलं की हृदयाचे ठोके गाण्याच्या ठेक्याशी जुळतात आणि म्हणून सरावाला धार येते, असं व्यायामाच्या व्हिडिओंमध्ये सर्रास सांगितलं जातं. हृदयाबद्दलचं हे म्हणणं चुकीचं आहे. नाडीचा वेग अंगमेहनत, श्वास आणि मनाची उत्तेजना यांवर ठरतो. मिनिटाला १४० ठोक्यांचं गाणं लावून खुर्चीत बसून राहिलात तर नाडी थोडी वर जाईलही, पण ती १४० वर जाऊन ठेक्याला चिकटणार नाही. ठेक्याला चिकटतात ते हातपाय. कराटे, बॉक्सिंग, तायक्वांदो अशा युद्धकलांच्या सरावात संगीत कधी लावावं आणि कधी हमखास बंद करावं, याचं बरंचसं उत्तर हातपायांच्या या खोडीत दडलेलं आहे.

मानसशास्त्राच्या प्रयोगशाळांत एक साधा प्रयोग एकोणिसाव्या शतकापासून होत आलाय. मेट्रोनोमची (ठरावीक वेगाने ठोके देणाऱ्या यंत्राची) टिकटिक ऐकायची आणि तिच्याबरोबर बोट टेबलावर आपटायचं. आवाज ऐकून प्रतिक्रिया द्यायला माणसाला साधारण १५० मिलिसेकंद लागतात (एक मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग). टिकटिक ऐकून मग बोट हललं असतं, तर ते दर वेळी तेवढं मागे पडलं असतं. प्रत्यक्षात बोट टिकटिकीच्या २० ते ५० मिलिसेकंद आधीच टेबलावर पडतं. आपटणाऱ्याला याची कल्पनाही नसते, आपण अगदी ठेक्यावर आहोत असंच त्याला वाटत असतं. मुरलेल्या वादकांमध्ये ही तफावत कमी दिसते.

याचा अर्थ मेंदू ठेक्याची वाट पाहत नाही. दोन-तीन ठोके ऐकले की पुढचा कधी पडणार याचा अंदाज बांधतो आणि हालचालीचा हुकूम आधीच सोडतो. माणूस शांत बसून नुसतं ऐकत असला, तरी मेंदूतले हालचालीची आखणी करणारे भाग ठेक्याबरोबर जागे होतात, हे मेंदूच्या चित्रणातून दिसलेलं आहे.

पण मग बोट वेळेवर न पडता आधी का पडतं? फ्रेंच मानसशास्त्रज्ञ पॉल फ्रेस यांनी मांडलेलं स्पष्टीकरण मला फार आवडतं. मेंदूला दोन गोष्टी जुळवायच्या असतात: कानातून आलेला ठोका आणि बोट टेकल्याची जाणीव. कानाकडून मेंदूच्या पृष्ठभागापर्यंत संदेश सुमारे १५ मिलिसेकंदांत पोचतो. मनगटाकडून निघालेला संदेश सुमारे २० मिलिसेकंद घेतो आणि घोट्याकडून निघालेला ३७ च्या आसपास, कारण त्याला जवळजवळ सगळं शरीर पार करायचं असतं. शिवाय आवाजाची जाणीव चटकन पक्की होते, स्पर्शाची सावकाश. दोन्ही संदेश मेंदूत एकदम पोचायला हवे असतील, तर हाताला कानाच्या आधी निघावं लागतं आणि पायाला त्याहूनही आधी. आशर्सलेबेन आणि प्रिन्झ या मानसशास्त्रज्ञांनी १९९५ मध्ये हे तपासलं. पायाने ठेका धरणाऱ्यांची घाई हाताने धरणाऱ्यांपेक्षा खरोखरच जास्त निघाली. आपटण्याचा आवाजही ऐकू आला, तर मात्र घाई कमी झाली. आवाजाशी आवाज जुळवणं मेंदूला सोपं जातं.

आता हे मॅटवर आणू. ठेक्यावर हवेत ठोसे मारत असाल, तर हात पूर्ण लांबल्याची पुसट जाणीव एवढाच मेंदूला पुरावा मिळतो. म्हणून रांगेत हवेत ठोसे मारणारा वर्ग तालावर असूनही विस्कळीत दिसतो. तेच ठोसे जोडीदाराने धरलेल्या पॅडवर पडले की ‘फट्’ असा आवाज येतो आणि दोन-तीन फटक्यांत वेळ सुधारते. वेळेचा सराव करायचा असेल तर तो पॅडवर करा. हवेतला सराव पवित्रा आणि आकार घोटण्यासाठी ठेवा.

नवशिक्यांची नेहमीची चूकही इथेच सापडते. ते ठेका ऐकून हालचाल सुरू करतात. ठोसा निघून पोचेपर्यंत सेकंदाचा चांगलाच तुकडा जातो, फटका ठेक्याच्या मागे पडतो आणि ती पिछाडी भरून काढायला पुढचा ठोसा घाईने सुटतो. घाईत कंबर वळायची राहते, खांदा कानाकडे चढतो आणि दुसरा हात हनुवटीवरून खाली येतो. सूचना एकच द्यायची: ठेक्यावर पोचायचं, ठेक्यावर निघायचं नाही. लाथेला तर एका ठोक्यात कोंबूच नये. मिनिटाला १२० ठोके असतील तर एक ठोका अर्ध्या सेकंदाचा होतो. समोरच्या लाथेला असे चार ठोके द्या: एकवर गुडघा वर, दोनवर पाय लांब, तीनवर परत दुमड, चारवर पाऊल खाली. तिसरा ठोका गाळला की पाय हवेतच लोंबतो. खऱ्या लढतीत समोरचा तोच धरतो.

ठेका थोडा हलला तरी हातपाय आपोआप सावरतात. प्रयोगात एखादा ठोका माणसाला जाणवणारही नाही इतका पुढेमागे सरकवला, तरी पुढची टकटक त्या दिशेने सरकते. म्हणूनच ठेका बंद केला की खरी परीक्षा होते. आठ ठोके आवाज चालू, पुढचे आठ ठोके आवाज बंद, हात मात्र चालूच, आणि मग आवाज पुन्हा सुरू. शांततेत सावरायला काही नसतं, त्यामुळे प्रत्येक फटक्याची बारीक चूक पुढच्या चुकीत मिसळत जाते. आवाज परतताना कोण पुढे पळालाय आणि कोण मागे राहिलाय हे लगेच दिसतं. बहुतेकदा दमलेला गडी पुढे पळालेला असतो.

इथवरचा सगळा सराव ठेक्यावर बसण्याचा झाला. लढतीत मात्र ठेक्यावर बसणारा माणूस पकडला जातो. जो मेंदू तुमच्यासाठी पुढच्या ठोक्याचा अंदाज बांधतो, तसाच मेंदू प्रतिस्पर्ध्यालाही आहे. तुम्ही ठरावीक अंतराने हल्ला केलात की तिसऱ्या-चौथ्या वेळी तो आधीच बाजूला सरकलेला असतो. म्हणून दोन ठोक्यांच्या मधल्या जागेत मारण्याचा सराव करतात, आणि इथे वेगाची एक मर्यादा आडवी येते. हालचालींचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ स्कॉट केल्सो आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये दाखवलं की ठोक्यांच्या मधोमध बोट आपटणाऱ्यांना वेग वाढवत नेलं, तर सेकंदाला दोन ठोक्यांच्या आसपास त्यांचं बोट नकळत ठोक्यावरच येऊन बसतं. मधली जागा त्या वेगाला टिकत नाही. गणिताच्या भाषेत, संथ वेगाला या व्यवस्थेला दोन स्थिर अवस्था असतात आणि वेग वाढला की त्यांतली एक अस्थिर होऊन नाहीशी होते. सेकंदाला दोन ठोके म्हणजे मिनिटाला १२०, आणि व्यायामाची बरीचशी गाणी तिथेच किंवा त्याच्या वर असतात. तेव्हा मधल्या जागेचा सराव ८० ते ९० ठोक्यांवर करा. १०० च्या पुढे गेलात की निम्मा वर्ग नकळत ठेक्यावर सरकतो आणि आपण मधल्या जागेत मारतोय या समजुतीत राहतो.

स्पारिंगच्या, म्हणजे जोडीदाराशी होणाऱ्या सरावाच्या लढतीच्या वेळी संगीत पूर्ण बंद असावं, असं माझं स्पष्ट मत आहे. एक कारण वर आलंच: ठेक्यावर बसणारा पकडला जातो. दुसरं असं की लढतीत आवाज ही माहिती असते. मॅटवर घासलेलं मागचं पाऊल, हल्ल्याआधी रोखलेला श्वास, पॅडवर नीट बसलेल्या आणि घसरलेल्या फटक्यातला फरक हे सगळं कानाला कळतं. आवाजावरची प्रतिक्रिया दिसण्यावरच्या प्रतिक्रियेपेक्षा साधारण ३० ते ५० मिलिसेकंद लवकर होते. स्पीकरने तो मार्गच बुजवला, तर खेळाडू एका इंद्रियावाचून शिकतो. ‘थांबा’ ही सूचना ऐकू न आल्याने होणाऱ्या दुखापती वेगळ्याच.

यावर कोणी थायलंडच्या मुए थाईचं उदाहरण देईल. तिथे लढत चालू असताना सनईच्या जातीचं पी चवा, ढोलांची जोडी आणि छिंग नावाच्या झांजा वाजतात. फरक असा की ते वादक प्रत्यक्ष समोर बसलेले असतात. लढत तापली की वादनही चढतं. ब्राझीलच्या कापोएरा या युद्धकलेत बेरिंबाव हे एकतारी वाद्य खेळाचा वेग आणि प्रकार ठरवतं, आणि ते ऐकून त्याप्रमाणे खेळणं हाच तिथल्या कौशल्याचा भाग आहे. दोन्हीकडे वाजवणाऱ्याचे डोळे खेळाडूवर असतात. मोबाइलमधल्या गाण्याला समोर काय चाललंय याचा पत्ता नसतो.

संगीताने थकवा कमी होतो का? कमी जाणवतो, हे खरं. लेनर्ड आयर्स यांनी १९११ मध्ये न्यूयॉर्कच्या सहा दिवसांच्या सायकल शर्यतीतली नोंद प्रसिद्ध केली: बँड वाजत असताना स्वार जास्त वेगाने जात होते. पुढे कोस्टास कारागिऑर्गिस, पीटर टेरी हे क्रीडा-मानसशास्त्रज्ञ आणि इतरांनी केलेल्या कामातून चित्र स्पष्ट झालं. मध्यम मेहनतीपर्यंत संगीत शरीराकडून येणाऱ्या कुरबुरीवरून लक्ष हटवतं आणि जाणवणारे श्रम साधारण १० टक्क्यांनी कमी होतात. मेहनत फार वाढली, धाप लागून बोलणं अशक्य झालं, की शरीराचे संदेश इतके जोरकस होतात की संगीत त्यांना झाकू शकत नाही. मन थोडं प्रसन्न राहतं, एवढंच. म्हणून वॉर्म-अप, दोरीवरच्या उड्या, फुटवर्क आणि बॅगवरचे मध्यम जोराचे राउंड ही संगीताची जागा. वॉर्म-अप मिनिटाला १०० ते १२० ठोक्यांवर सुरू करून १३० पर्यंत न्यावा, दोरी १२० ते १४० वर. काताला (कराटेतल्या ठरवून दिलेल्या हालचालींच्या मालिकेला) मुद्दाम ठेवलेले थांबे आणि झेपा असतात, सरळ ठेका त्यांना रंधा मारून सपाट करतो, म्हणून तिथे शांतता. शेवटच्या स्ट्रेचिंगला ठळक ठेकाच नको, श्वास मोजावा. नवशिक्यांना एक सावधगिरी: श्रम कमी जाणवले तरी स्नायू तेवढेच थकलेले असतात. हात हनुवटीखाली येऊ लागले की गाणं कितीही रंगलेलं असो, राउंड थांबवावा.

४३२ हर्ट्झच्या ‘नैसर्गिक’ संगीताने शरीराची ऊर्जा जागते, असाही प्रचार जोरात आहे. हर्ट्झ म्हणजे सेकंदाला किती कंपनं. सेकंद हे माणसाने दिवसाचे तुकडे पाडून ठरवलेलं माप आहे, त्यामुळे त्यात मोजलेल्या एका आकड्याला विश्वाचं गुपित ठरवायला काही आधार नाही. वाद्यं जुळवण्यासाठी प्रचलित असलेला ४४० हर्ट्झचा स्वर हाही मानकीकरणाचा निर्णय आहे, कट नव्हे. ४४० आणि ४३२ मधला फरक अर्ध्या स्वराच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा. त्याने लाथ उंच जात नाही.

राहिली ती मांडणी. आवाज हवेत सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. २० मीटर लांबीच्या हॉलमध्ये स्पीकर पुढच्या भिंतीशी असेल, तर शेवटच्या रांगेला ठेका जवळजवळ ६० मिलिसेकंद उशिरा पोचतो. समोरच्या रांगेची हालचाल मात्र डोळ्यांना लगेच दिसते. कानाचं ऐकावं की डोळ्यांचं, या ओढाताणीत मागच्या रांगा विस्कटतात. स्पीकर लांब बाजूच्या भिंतीच्या मध्यावर ठेवला की अंतर जवळपास निम्मं होतं. दोन टोकांना दोन स्पीकर लावू नयेत, टोकाच्या रांगांना प्रत्येक ठोका दोनदा ऐकू येतो.

आवाजाची पातळी ७० ते ७५ डेसिबल पुरते. कानाच्या सुरक्षेचा ढोबळ नियम असा की ८५ डेसिबलला ८ तास, आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी. म्हणजे ९४ डेसिबलच्या तासाभराच्या वर्गात दिवसाची सगळी मुभा संपते. जड आवाज वरच्या पट्टीचे आवाज झाकतात, म्हणून बास वाढवला की प्रशिक्षकाच्या बोलण्यातले ‘क’, ‘ट’, ‘स’ बुडतात आणि ‘डावा’ की ‘उजवा’ हे कळेनासं होतं. इक्वलायझरमध्ये बास थोडा उतरवा आणि १ ते ४ किलोहर्ट्झचा पट्टा ५-६ डेसिबल खाली घ्या. बोलण्याला वाट मोकळी होते आणि ठेका तरीही कळतो. राउंडची घंटा २ ते ३ किलोहर्ट्झची तीक्ष्ण निवडा, ती सुरू होताच गाणं आपोआप बंद होईल अशी फाइल आधीच जोडून ठेवा आणि मधल्या एका मिनिटाच्या विश्रांतीत काहीही वाजू देऊ नका. सुरुवातीला अर्धा मिनिट ठेका नसलेली आणि मध्येच वेग बदलणारी गाणी यादीतून काढून टाका.