सिगारची पारख (सांगली-सातारा परिसर)

हाताने वळलेल्या उंची सिगारची बांधणी, ओढ, जळण, चव आणि कडकपणा तपासून त्याचा दर्जा ठरवण्याची पद्धत. क्युबा, डोमिनिकन रिपब्लिक, निकाराग्वा व होंडुरास हे अशा सिगारचे प्रमुख देश. सांगली-साताऱ्यात माल बाहेरूनच येतो, त्यामुळे वाटेत आणि घरात त्याने किती ओल धरली किंवा गमावली यावर निम्मा निकाल ठरतो. इथे सिगारआधी त्याची साठवण तपासावी.

कृष्णाकाठाला तंबाखू नवी नाही. पण बिडीची तंबाखू उन्हात वाळवतात, तर सिगारची पाने छपराखाली हवेवर सावकाश वाळवून मग ढीग रचून आंबवतात. ढिगाच्या उष्णतेत अमोनिया निघून जातो. आंबवणे अपुरे राहिले तर पेटवताच गोठ्यासारखा दर्प नाकाला झोंबतो. बिडीच्या तंबाखूत मुरलेला माणूस ‘कडक ती चांगली’ या हिशोबाने सिगार तोलतो आणि फसतो. कडकपणा निकोटिनचा, तो डोक्यात आणि पोटात जाणवतो. चव जिभेवर आणि नाकात कळते. सौम्य सिगारही चवीला भरगच्च असू शकतो, म्हणून या दोन गोष्टींची नोंद वेगवेगळी करावी.

सिगारचे तीन भाग असतात: आतला भराव, त्याला धरून ठेवणारे बांधणीचे पान आणि वरचे देखणे वेष्टन. भरावात रोपाच्या शेंड्याकडचे लिगेरो पान जाड, कडक आणि हळू जळणारे असते, म्हणून ते मधोमध ठेवतात. जाडी रिंग गेजमध्ये मोजतात. एक गेज म्हणजे इंचाचा ६४ वा भाग. रोबुस्टो साधारण ५ इंच लांब आणि ५० गेजचा, म्हणजे सुमारे २० मिलिमीटर जाड.

साठवणीला ६५ ते ७० टक्के सापेक्ष आर्द्रता लागते. सांगलीचा एप्रिल-मे याच्या फार खाली जातो आणि महाबळेश्वरचा जुलै फार वर. कोरडा सिगार भरभर व तिखट जळतो, ओला सिगार ओढायला जड जातो, कडवटतो आणि पुन्हा पुन्हा विझतो. सिगार साठवायच्या डब्यातले आर्द्रतामापक खरे बोलते का, हे मिठाने तपासता येते. बाटलीच्या टोपणात मीठ घेऊन पाण्याचे काही थेंब टाकावेत. मीठ विरघळू नये, ओल्या वाळूसारखे झाले पाहिजे. टोपण आणि मापक हवाबंद पिशवीत बारा तास ठेवावे. काटा ७५ वर आला तर ठीक. ७१ वर थांबला तर मापक ४ ने कमी दाखवते.

उन्हाळ्यात दुसरा धोका किड्याचा. डब्याचे तापमान २५ अंशांवर गेले की तंबाखूतल्या किड्यांची अंडी फुटू लागतात आणि वेष्टनाला टाचणीएवढी गोल भोके पडतात. असा माल दुहेरी पिशवीत घालून उणे १८ अंशांवर तीन दिवस, मग एक दिवस साध्या फ्रीजमध्ये ठेवून बाहेर काढावा. थेट बाहेर काढल्यास वेष्टन तडकते. पांढरी केसाळ बुरशी दिसल्यास सिगार फेकून द्यावा.

पारखण्याआधी तासभर झणझणीत रस्सा नको आणि कंदी पेढाही नको. दोन्ही जीभ झाकतात. मात्र उपाशीपोटीही बसू नये, घाम फुटून गरगरते. नाव-किमतीचा प्रभाव पडू नये म्हणून सिगारवरची नावाची पट्टी आधीच काढून क्रमांक द्यावा. बोटांनी टोकापासून टोकापर्यंत चाचपावे: कुठे गाठ, कुठे पोकळ? टोपीचा, म्हणजे तोंडात धरायच्या बंद टोकावरच्या पानाचा, फक्त दीड-दोन मिलिमीटर भाग कापावा. टोपीच्या रेषेखाली गेले तर वेष्टन उलगडते. मग न पेटवता एक ओढ घ्यावी. पातळ नळीने दाट ताक ओढताना लागतो तेवढा विरोध चालेल, त्याहून जास्त असेल तर भराव कोंबला आहे.

बुडखा, म्हणजे पेटवायचे टोक, ज्योतीपासून थोडा वर धरून फिरवत आधी शेकावा, कडेने सारखा लाल झाल्यावरच ओढावे. मिनिटाला एक झुरका पुरे. धूर छातीत घ्यायचा नाही. तोंडात फिरवून थोडासा नाकावाटे सोडला की सुगंध उलगडतो. भाजलेले शेंगदाणे, मिरी, कॉफी, काकवी, ओली माती असे ओळखीचे शब्दच नोंदीत लिहावेत. पहिला, मधला आणि शेवटचा तिसरा भाग वेगळा लिहावा.

जळण एका बाजूने पुढे पळाले तर कारण बहुधा असमान भराव किंवा गच्चीवरचा वारा असतो. मागे राहिलेल्या कडेला ज्योत लावावी. आतला भाग जळून वेष्टन तसेच राहिले तर वेष्टन ओले आहे. भरभर ओढल्याने आलेला कडवटपणा मात्र सिगारच्या खात्यावर टाकू नये. हातवळणीच्या मालात नगागणिक फरक असतो, म्हणून एकाच पेटीतले किमान तीन नग वेगवेगळ्या दिवशी तपासावेत.

धूर गिळला नाही तरी तोंडाच्या व घशाच्या कर्करोगाचा धोका राहतोच. काही मोठ्या सिगारमध्ये सिगारेटच्या अख्ख्या पाकिटाएवढी तंबाखू असते. २००३ च्या कायद्याने सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला बंदी आहे आणि १८ वर्षांखालील व्यक्तीला विक्री करता येत नाही.

शेवटच्या तिसऱ्या भागात बोटांना ऊब लागून चव डांबरट झाली की परीक्षण संपवावे. सिगार चिरडून विझवू नये, खोलीत दर्प कोंडतो. राखदाणीत तसाच ठेवला की काही मिनिटांत तो आपोआप विझतो.