गाठ निघाली, मग केमो अजून का नाही?

स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन होऊन पेशंट घरी आली की आठवडाभरातच नातेवाइकांचा धीर सुटतो. केमो लगेच का देत नाहीत? तोवर पसरला तर? कॅलिफोर्नियातल्या सुमारे 25 हजार स्त्रियांच्या नोंदींवरचा अभ्यास 2016 साली प्रसिद्ध झाला. केमो पहिल्या महिन्यात सुरू झाली की दुसऱ्या-तिसऱ्या, यानं जगण्याच्या प्रमाणात फरक दिसला नाही. 90 दिवस उलटल्यावर मात्र मृत्यूचं प्रमाण वाढलं, आणि ट्रिपल निगेटिव्ह प्रकारात (हार्मोन पकडणारी दोन प्रथिनं, म्हणजे रिसेप्टर, आणि वाढ चेतवणारं हर-टू प्रथिन, या तिन्हींची तपासणी निगेटिव्ह येते तो) सर्वांत जास्त. म्हणून तीन महिने निवांत राहायचं असं नाही. साधारण चार ते सहा आठवड्यांत सुरुवात व्हावी. ट्रिपल निगेटिव्ह किंवा हर-टू पॉझिटिव्ह, म्हणजे हर-टू प्रथिन जास्त असलेला प्रकार असेल तर रेंगाळूच नये.

पहिले तीन-चार आठवडे जखमेचे. केमो भराभर विभागणाऱ्या पेशींवर घाव घालते, आणि जखम भरून काढणाऱ्या पेशीही तशाच विभागत असतात. जखमेत साचणारं पाणी बाहेर काढायला ड्रेन, म्हणजे नळी, बसवलेली असते. 24 तासांत 30 मिलीपेक्षा कमी पाणी, असं सलग दोन दिवस झालं की सहसा ती काढतात. टाके उसवले किंवा पू झाला, तर केमो लांबते.

पण खरी घडामोड, म्हणजे कोणतं औषध द्यायचं हे ठरवणारी गाठीची तपासणी, पॅथॉलॉजी लॅबमध्ये चालू असते, आणि तिथलं पहिलं पाऊल चुकलं तर पुढचं सगळं चुकतं. गाठ शरीराबाहेर आल्यापासून तासाभरात 10 टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मॅलिनमध्ये जायला हवी. फॉर्मॅलिन प्रथिनांचे रेणू एकमेकांना जखडून आहे त्या जागी थिजवतं. ते आत शिरतं मात्र फार सावकाश, सुरुवातीला तासाला जेमतेम एक मिलिमीटर. अख्खा स्तन न कापता बरणीत बुडवला तर मधल्या गाठीपर्यंत ते पोचेपर्यंत पेशी सडू लागतात. म्हणून ब्रेडच्या स्लाइससारखे काप देऊन, ऊतीच्या किमान दहापट फॉर्मॅलिनमध्ये, 6 ते 72 तास ठेवायचं. त्यानंतर मेणाचा ब्लॉक, त्याचे तीन-चार मायक्रॉनचे काप आणि मग आयएचसी, म्हणजे अँटीबॉडीनं ठरावीक प्रथिनं रंगवून दाखवणारी तपासणी. यात आधी काप उष्णतेनं तापवून जखडलेली प्रथिनं थोडी मोकळी करतात. मग अँटीबॉडी इस्ट्रोजेन रिसेप्टरला चिकटते आणि केंद्रक तपकिरी दिसतं. एक टक्का केंद्रकं रंगली तरी रिसेप्टर पॉझिटिव्ह. नीट न थिजलेल्या ऊतीत हा रंग उमटतच नाही. पॉझिटिव्ह गाठ निगेटिव्ह ठरते आणि त्या बाईच्या हातून टॅमॉक्सिफेनसारखी इस्ट्रोजेनला अडवणारी गोळी जाते. हर-टूचा निकाल 2+, म्हणजे धड पॉझिटिव्ह ना निगेटिव्ह, आला तर जनुकांच्या प्रती मोजणारी फिश तपासणी लागते, म्हणजे आणखी काही दिवस. ऑपरेशनआधीच्या सुईच्या बायोप्सीवर आयएचसी करून घेतली असेल तर हे दिवस वाचतात.

लहान गावांत बरणी नातेवाइकांच्याच हाती देऊन लॅबला पाठवतात. तेव्हा विचारा: काप दिलेत का, गाठ फॉर्मॅलिनमध्ये पूर्ण बुडाली आहे का, ऑपरेशनची वेळ चिठ्ठीवर आहे का? सलाईनमध्ये ऊती थिजत नाही.

मधल्या काळात घरोघरी काढे सुरू होतात, त्यांना ठाम नकार द्या. गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांच्या यकृताला झालेली इजा मुंबईच्या डॉक्टरांनी 2021 साली नोंदवली. डॉक्सोरुबिसिन आणि डोसेटॅक्सेल या केमोच्या औषधांचा निचरा मुख्यतः यकृतच करतं. रक्तात बिलिरुबिन (काविळीत वाढतं ते पिवळं द्रव्य) वाढलेलं निघालं तर डोस कमी करावा लागतो किंवा थांबावं लागतं, आणि इतके दिवस जपलेलं वेळापत्रक तिथेच मोडतं.

या दिवसांत उरकायचं ते वेगळंच आहे. डॉक्सोरुबिसिन ठरलं असेल तर टू-डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, कारण ते हृदयाच्या स्नायूला इजा करू शकतं. हिपॅटायटिस बीची तपासणी, कारण दबलेला विषाणू केमोत उसळतो. किडलेल्या दातांचा इलाज. पुढे मूल हवं असेल तर बीजांडं गोठवणं. त्याला सुमारे दोन आठवडे लागतात, तेव्हा ते पहिल्याच भेटीत बोला. आणि मेणाचे ब्लॉक व स्लाइड लॅबमधून मागून घ्या. टाटा हॉस्पिटलसारख्या ठिकाणी दुसरं मत घेताना नुसता कागदी रिपोर्ट पुरत नाही, ब्लॉकच पुन्हा तपासतात.